माहेर, आश्रम आणि समुपदेशनाची खोली : गोरेगावच्या निमित्ताने आत्मसन्मानाचा इतिहास

मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील गोरेगावचा अर्वाचीन इतिहास बहुधा पाण्याच्या हंड्यांचा, लाटणे मोर्चांचा आणि घरांसाठी झालेल्या चळवळीचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि त्यात मृणाल गोरे यांचे नाव अग्रभागी असते. याच गोरेगावात १९८३ मध्ये मृणालताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केशव गोरे स्मारक ट्रस्टच्या छत्राखाली ‘स्वाधार’ हे संकटग्रस्त स्त्रियांसाठीचे केंद्र सुरू केले, याची नोंद समाजकार्याच्या इतिहासात होते. मानसोपचाराच्या इतिहासात मात्र त्याला जागा मिळत नाही. ही विभागणी योग्य नाही. मराठी समाजात सर्वसामान्य माणसाला, त्यातही सर्वसामान्य स्त्रीला, स्वतःविषयीचे मत बदलण्याची आणि स्वतःला दोष देणे थांबवण्याची पहिली पद्धतशीर संधी डॉक्टरांच्या दवाखान्यापेक्षा अशा केंद्रांच्या साध्या टेबलांसमोर अधिक मिळाली, आणि मानसशास्त्रातील संबंधित सिद्धान्त त्या टेबलांपर्यंत बऱ्याच उशिरा पोहोचले.

पुढील विवेचनात चार संज्ञा वारंवार येतील. भावनिक वा मानसिक अडचणीत सापडलेल्या व्यक्तीशी प्रशिक्षित व्यक्तीने ठरावीक उद्देशाने, गोपनीयता पाळून आणि ठरलेल्या वेळी केलेल्या संवादाला समुपदेशन म्हणतात. हाच संवाद अधिक खोल, दीर्घ आणि एखाद्या सिद्धान्ताच्या आधारे विचार-वर्तनात बदल घडवण्यासाठी होतो तेव्हा त्याला मानसोपचार म्हटले जाते, जरी या दोहोंमधली सीमारेषा व्यवहारात पुसटच राहते. आत्मसन्मान म्हणजे व्यक्तीने स्वतःचे केलेले मूल्यमापन आणि त्यातून निर्माण होणारी स्वतःविषयीची भावना. आत्मकरुणा ही त्याहून वेगळी गोष्ट आहे : चूक झाली, अपयश आले किंवा दुःख वाट्याला आले असता जिवलग माणसाशी आपण जसे वागतो तसेच स्वतःशी वागणे, असा तिचा अर्थ आहे. पहिल्या संकल्पनेत मोजमाप आहे, दुसरीत मोजमाप बाजूला ठेवणे आहे, आणि गेल्या शतकभरातील मानसोपचाराचा प्रवास पुष्कळसा पहिलीकडून दुसरीकडे झालेला आहे.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात सासरी छळ सोसणाऱ्या, विधवा झालेल्या किंवा टाकलेल्या स्त्रीला मन मोकळे करण्यासाठी माहेर हीच एक जागा होती, आणि माहेर म्हणजे चार दिवसांचा विसावा होता, कायमचा आधार नव्हता. ‘दिल्या घरी सुखी राहा’ हा निरोप घेऊनच तिला परतावे लागे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात काढलेले बालहत्या प्रतिबंधक गृह आणि पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदासदन या संस्थांनी माहेराच्या पलीकडे जाणारी जागा प्रथमच निर्माण केली. निवारा, बाळंतपण, शिक्षण आणि हाताला काम हा त्यांचा उघड कार्यक्रम होता. परंतु फसवल्या गेलेल्या विधवेला गुपचूप येऊन बाळंत होता यावे आणि तिला कोणी नाव विचारू नये, या फुले दांपत्याच्या व्यवस्थेमागे एक मोठा मानसिक विचार होता, असे निश्चितपणे म्हणता येईल. तिच्यावर लादलेली लाज ही तिची स्वतःची मिळकत नाही, ही गोष्ट त्या घराने कृतीतून सांगितली. शंभराहून अधिक वर्षांनी समुपदेशन केंद्रांनी शब्दांतून जे सांगितले त्याचे मूळ या कृतीत आहे.

वैद्यकशास्त्राची वाट याला समांतर, पण पूर्णपणे वेगळ्या दिशेने चालली होती. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ मध्ये उभे राहिले, आणि मुंबईकरांच्या बोलण्यात मानसिक आजार आणि ठाणे यांचे असे काही नाते जुळले की ‘ठाण्याला पाठवा’ हा शेरा चेष्टेत आणि रागात सर्रास वापरला जाऊ लागला. भिंतीआड ठेवण्याजोगे वेड आणि मुकाट्याने गिळण्याजोगे दुःख, या दोहोंच्या मध्ये कोणतीही पायरी समाजाला ठाऊक नव्हती. त्यामुळे ‘मला कशातच राम वाटत नाही’ किंवा ‘मी कोणाच्याच उपयोगाची नाही’ असे वाटणाऱ्या माणसाने जायचे कोठे, हा प्रश्न विचारलाच जात नव्हता. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने, म्हणजेच आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, १९३७ मध्ये मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू केले, आणि १९३८ मध्ये डॉ. मसानी यांनी जे. जे. रुग्णालयात मानसोपचार विभाग उघडला, तेव्हा ही मधली पायरी मुंबईत प्रथम दिसू लागली. पुढे परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पतंजलीच्या योगसूत्रांवर आधारलेली, आसन-प्राणायामापासून ध्यानापर्यंत टप्प्याटप्प्याने जाणारी उपचारपद्धती विकसित करून १९६० आणि १९७० च्या दशकांत तिच्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केले. चिंतेने पछाडलेल्या रुग्णाचे लक्ष परिणामांवरून काढून हातातील क्रियेवर आणणे हा त्या पद्धतीचा गाभा होता, आणि भारतीय परंपरेतील साधनेची आधुनिक रुग्णालयात पडताळणी करण्याचा तो फार महत्त्वाचा प्रयत्न होता. या सर्व सोयी मात्र दक्षिण आणि मध्य मुंबईत होत्या.

गोरेगाव त्या काळी मुंबईबाहेरचे गाव होते. पूर्वेला १९४९ पासून आरे दुग्ध वसाहत वसू लागली, पश्चिमेला चाळी आणि बैठी घरे वाढत गेली, आणि १९५७ मध्ये हा भाग बृहन्मुंबईत सामील झाला. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी चळवळीच्या कामात उतरलेल्या मृणाल गोरे १९४८ मध्ये केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी विवाहबद्ध झाल्या, आणि या जोडप्याने गोरेगाव हीच कर्मभूमी मानली. १९५० च्या दशकात मृणालताईंनी तेथे महिला मंडळ आणि कुटुंबनियोजनाचे काम उभे केले. कुटुंबनियोजनाचे काम वरवर आरोग्याचे वाटते. तथापि मूल केव्हा आणि किती व्हावे याबद्दल बाईला काही म्हणायचे असू शकते, ही कल्पनाच त्या काळच्या घरांत नवी होती, आणि जिला स्वतःच्या शरीराविषयी मत मांडता येते तिला पुढे स्वतःच्या मनाविषयीही बोलता येते. १९५८ मध्ये केशव गोरे यांचे अकाली निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या ट्रस्टची आरे रस्त्यावरील वास्तू पुढे गोरेगावच्या सार्वजनिक जीवनाचे एक केंद्र बनली. पाण्याच्या प्रश्नावर महापालिकेत झुंज देऊन ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या गेलेल्या आणि १९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनात अहिल्या रांगणेकर यांच्यासह हजारो गृहिणींना रस्त्यावर आणणाऱ्या मृणालताईंभोवती जो स्त्रियांचा समुदाय जमला, त्याच्याच पोटात पुढच्या केंद्राची गरज आकाराला आली.

या क्रमाकडे विशेष लक्ष द्यायला हवे. मोर्चात लाटणे हाती घेतलेली बाई घरी परतल्यावर पुन्हा मार खाऊ शकते, आणि तो मार आपल्याच चुकीचा परिणाम आहे असेही मानू शकते. सार्वजनिक धीटपणा आणि खासगी आत्मनिंदा एकाच माणसात एकत्र नांदू शकतात. १९८० च्या आसपास स्त्री चळवळीला याची तीव्र जाणीव होऊ लागली. १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा यांचा मृत्यू झाला आणि त्या प्रकरणाने महाराष्ट्र ढवळून निघाला. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंचातर्फे ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन मांडले. ते पाहायला आलेल्या स्त्रियांना स्वतःची कहाणी सांगावीशी वाटू लागली, आणि त्या गरजेतून पुण्यात ‘बोलते व्हा’ हे केंद्र उभे राहिले. त्याच वर्षांत ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ हे नाटक स्त्री मुक्ती संघटनेने गावोगावी नेले. विवाहितेच्या छळाला गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेतील ४९८ अ हे कलम १९८३ च्या अखेरीस आले, टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसह स्त्रिया आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष १९८४ मध्ये सुरू केला, आणि गोरेगावचे ‘स्वाधार’ याच लाटेतून जन्मले. तीन-चार वर्षांच्या या अवधीत मराठी मुलखात समुपदेशनाचा जो पाया घातला गेला तो विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांनी घातला नव्हता, हे स्पष्टपणे नोंदवायला हवे.

अशा केंद्रात प्रत्यक्ष काय घडत असे, आणि आजही घडते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. येणारी स्त्री बहुधा एकटी येत नाही. शेजारीण, बहीण किंवा मंडळातली ओळखीची बाई बरोबर असते, आणि पहिली काही मिनिटे तीच बोलते. कार्यकर्ती अर्ज भरून घेते, परंतु अर्जातील रकान्यांच्या क्रमाने प्रश्न विचारत नाही, कारण आयुष्याची हकीकत त्या क्रमाने बाहेर येत नसते. बरोबरच्या बाईला बाहेर बसवल्यानंतर जे पहिले वाक्य उमटते ते पुष्कळदा नवऱ्याविरुद्धची तक्रार नसते. ‘माझंच काहीतरी चुकत असेल’ या धाटणीची ती स्वतःविरुद्धची कबुली असते. भाजीत मीठ जास्त पडले, मुलगा नापास झाला, सासूला उलट उत्तर दिले, अशी कारणे ती स्वतःच पुरवते. येथे कार्यकर्तीने घाईने ‘तुमची काही चूक नाही’ असे म्हणून उपयोग होत नाही, कारण आयुष्यभर दुसऱ्यांनीच आपल्याविषयी निवाडे केलेल्या स्त्रीला तो आणखी एक परका निवाडा वाटतो. ती ऐकून घेते, मधूनमधून ऐकलेले तिच्याच शब्दांत परत सांगते, आणि केव्हा तरी विचारते की हीच गोष्ट तुमच्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत घडली असती तर तुम्ही तिला काय म्हणाला असता. या प्रश्नानंतर बऱ्याच वेळा बराच वेळ कोणी काही बोलत नाही. बहिणीला मारणाऱ्याचा हात धरायला जी स्त्री धावली असती ती स्वतःच्या वेळी मात्र मारणाऱ्याची बाजू मांडत बसली होती, हे तिचे तिलाच दिसते. आत्मकरुणेचे शास्त्र पुढे ज्या प्रश्नाला उपचाराचे मुख्य साधन मानणार होते तो प्रश्न असा व्यवहारातून आधीच जन्मला होता.

खोलीचे महत्त्वही येथे नोंदवायला हवे. एका खोलीच्या घरात, जेथे झोपायला अंथरुणे पाळीपाळीने घालावी लागतात, तेथे दार लावून रडता येईल अशी जागाच नसते, आणि ज्याला एकांत मिळत नाही त्याला स्वतःच्या मनाशी बोलण्याचा सरावही होत नाही. मोतीलाल नगर, भगतसिंग नगर किंवा तीन डोंगरीच्या वस्त्यांतून येणाऱ्या स्त्रीसाठी बंद दाराची, कोणी मध्ये न डोकावणारी अर्ध्या तासाची खोली हाच उपचाराचा पहिला हप्ता होता.

तथापि या केंद्रांचा इतिहास निव्वळ गौरवाने सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कौटुंबिक समुपदेशनाच्या नावाखाली दीर्घकाळ जे चालले त्यात समेट हेच यश मानले जाई. बाई पुन्हा नांदायला गेली की प्रकरण ‘मिटले’ अशी नोंद होई. न्यायालयात, पोलीस ठाण्यात आणि काही स्वयंसेवी संस्थांतही ‘थोडं समजून घ्या, संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच’ हे शब्द समुपदेशन म्हणून खपले. अशा सल्ल्याने छळ थांबत नाही, शिवाय तो सोसण्याची जबाबदारी अधिकृतपणे बाईवर येते, आणि तिच्या आत्मसन्मानाचे जे नुकसान घराने केले असते ते संस्थेच्या शिक्क्याने पक्के होते. स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी या प्रथेला विरोध केला, आणि टाटा संस्थेच्या विशेष कक्षाने हिंसा ही वाटाघाटीची बाब नाही हे तत्त्व आपल्या कामाचा आधार मानले. बाईने नांदायचे की वेगळे व्हायचे याचा निर्णय तिचा असतो आणि समुपदेशकाचे काम त्या निर्णयापर्यंत पोहोचण्याचे बळ देणे हे असते, ही भूमिका आज पाठ्यपुस्तकांत सहज वाचायला मिळते. ती भांडून मिळवलेली आहे.

मराठी मध्यमवर्गापर्यंत मानसोपचाराचा विचार पोहोचण्याची दुसरी वाट याच सुमारास रुंद होत होती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडायला सुरुवात केलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मुंबईचे कि. मो. फडके यांनी आत्मसात केली. त्यांनी एलिस यांच्याशी तीन दशकांहून अधिक काळ पत्रव्यवहार केला, त्यांच्या संस्थेची मान्यता मिळवली आणि व्याख्याने, प्रशिक्षण व लेखन यांच्याद्वारे ती पद्धती मराठी वाचकांच्या परिचयाची केली. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीने हा परिचय अधिक घरगुती केला. एलिस यांचा मूळ सिद्धान्त असा की घटना आपल्याला दुःखी करत नाही, तिच्याविषयीची आपली धारणा करते. म्हणून घटना, धारणा आणि परिणाम या तीन गोष्टी वेगळ्या करून कागदावर मांडाव्यात आणि मधल्या धारणेची उलटतपासणी घ्यावी.

ही उलटतपासणी कशी चालते हे एका नेहमीच्या नमुन्यावरून समजेल. घटनेच्या रकान्यात ‘मुलाखतीत निवड झाली नाही’ असे लिहिले जाते आणि परिणामाच्या रकान्यात ‘झोप उडाली, माणसांत जावेसे वाटत नाही’ असे. मधला रकाना प्रथम रिकामाच राहतो, कारण धारणा ही माणसाला इतकी सवयीची असते की ती धारणा आहे हेच त्याला जाणवत नाही. थोडे खोदल्यावर तेथे ‘माझी निवड व्हायलाच हवी होती, ती झाली नाही, म्हणजे मी नालायक आहे’ असे तीन तुकड्यांचे वाक्य सापडते. उपचारक पहिल्या तुकड्यातील ‘व्हायलाच हवी’ या हट्टाला पुरावा मागतो, इच्छा आणि अट यांतला फरक दाखवतो. आणि तिसऱ्या तुकड्यापाशी थांबून विचारतो की एका मुलाखतीवरून संपूर्ण माणसाला गुण देण्याची पद्धत कोणत्या शाळेतली. एलिस यांचे वेगळेपण या शेवटच्या प्रश्नात आहे. ‘तू नालायक नाहीस, तू हुशार आहेस’ असे सांगून ते समजूत घालत नाहीत, कारण हुशारीवर उभा केलेला सन्मान पुढच्या अपयशाबरोबर कोसळतो. वर्तनाला गुण द्या, कृती सुधारा, पण संपूर्ण स्वत्वाला गुणपत्रिका देऊ नका, हा त्यांचा आग्रह होता आणि त्यालाच ते विनाअट आत्मस्वीकार म्हणत. २००५ मधील आपल्या ग्रंथात तर त्यांनी आत्मसन्मान या लोकप्रिय कल्पनेलाच भ्रम ठरवले.

दहावीच्या टक्क्यांवरून घराण्याची अब्रू मोजणाऱ्या मराठी मध्यमवर्गात हा विचार रुजणे सोपे नव्हते, आणि म्हणूनच त्याची येथे इतर अनेक ठिकाणांपेक्षा अधिक गरज होती. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ या संस्थेने हे काम मोठ्या प्रमाणावर केले. ज्या शहराचे नावच वेडाशी जोडले गेले होते त्याच ठाण्यात ‘सुदृढ मन सर्वांसाठी’ हे ब्रीद घेऊन संस्था उभी राहावी, हा केवळ योगायोग असला तरी त्याचे मोल मोठे आहे. नाडकर्णी यांनी ‘स्वभाव-विभाव’सारख्या पुस्तकांतून विवेकनिष्ठ पद्धती मराठी घरांतल्या उदाहरणांनी समजावली आणि तिचे संतसाहित्याशी असलेले नाते दाखवले. मनाला उद्देशून बोलण्याची, त्याला दटावण्याची आणि चुचकारण्याची रीत मराठी कानाला रामदासांपासून परिचित आहे. त्यामुळे स्वतःशी होणारा संवाद तपासायचा ही गोष्ट येथे परकी वाटली नाही. एक भेद मात्र ध्यानात ठेवायला हवा. संत स्वतःला पतित म्हणवतात तेव्हा समोर स्वीकारणारा विठ्ठल गृहीत असतो. छळ सोसणारी सून स्वतःला वाईट म्हणते तेव्हा समोर फक्त न्यायाधीश असतो. भाषा सारखी वाटली तरी पहिल्या उद्गारात मोकळीक आहे आणि दुसऱ्यात कोंडमारा, आणि संतवचनांचा दाखला देऊन बाईला सोसायला शिकवणाऱ्यांनी हा भेद नेहमीच झाकून ठेवला.

पश्चिमेत या काळात काय चालले होते ते थोडक्यात पाहिले की पुरे. मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ मध्ये दहा विधानांची आत्मसन्मान मापनश्रेणी दिली, कॅलिफोर्निया राज्याने १९८० च्या दशकात आत्मसन्मान वाढवला की गुन्हेगारी आणि व्यसने घटतील या आशेने सरकारी समिती नेमली, आणि २००३ मध्ये रॉय बाउमायस्टर व सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन दाखवून दिले की उच्च आत्मसन्मानामुळे कामगिरी सुधारते असा भरवसा देता येत नाही. त्याच वर्षी क्रिस्टिन नेफ यांनी आत्मकरुणेची मांडणी प्रसिद्ध केली. स्वतःशी स्नेहाने वागणे, आपले दुःख हे साऱ्या माणसांच्या वाट्याला येणाऱ्या दुःखाचाच भाग आहे हे ओळखणे, आणि वेदनेला न नाकारता व न कवटाळता तिच्याकडे सजगपणे पाहणे, असे तिचे तीन घटक त्यांनी सांगितले. इंग्लंडमधील पॉल गिल्बर्ट यांना असे रुग्ण भेटत होते ज्यांना विवेकाचा युक्तिवाद डोक्याने पटे पण मनात उतरत नसे, कारण त्यांच्या मनातला आवाजच कठोर होता. तोच आवाज योग्य विचारही दरडावून सांगत असे. अशा रुग्णांना प्रथम मायेचा स्वर ऐकायला शिकवावे लागते, या निरीक्षणावर त्यांनी करुणाकेंद्री मानसोपचार उभारला. एलिस यांच्या पद्धतीतली उणीव गिल्बर्ट यांनी अचूक हेरली, असेच म्हणावे लागेल.

नेफ यांच्या मांडणीचे मूळ बौद्ध ध्यानपरंपरेत आहे, आणि ती परंपरा महाराष्ट्रात कोणत्याही दवाखान्यावाचून पोहोचली होती. सत्यनारायण गोयंका यांनी म्यानमारहून येऊन १९६९ मध्ये मुंबईत विपश्यनेचे पहिले शिबिर घेतले, पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली, आणि २००९ मध्ये बोरिवलीजवळच्या गोराईत जागतिक विपश्यना पॅगोडाचे उद्घाटन झाले. दहा दिवसांच्या शिबिराच्या अखेरीस शिकवली जाणारी मंगल मैत्री, म्हणजे स्वतःसह सर्व प्राणिमात्रांविषयी सदिच्छेची भावना जागवण्याची साधना, उपनगरांतील असंख्य नोकरदार माणसांनी उपचार असे नाव न देता केली. बौद्ध धम्माचा दुसरा, अधिक मूलगामी संस्कार १९५६ मध्ये नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घडवला होता. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहापासून त्यांनी सातत्याने सांगितले की हीनतेची भावना ही माणसाच्या आतली खोट नसून व्यवस्थेने बाहेरून लादलेली वस्तू आहे, आणि ती टाकून देण्यासाठी व्यवस्थाही बदलावी लागते. आत्मसन्मानाच्या मानसशास्त्रात हा मुद्दा फार क्वचित येतो, आणि तो न येणे ही त्या शास्त्राची मोठी त्रुटी आहे.

वैद्यकशास्त्र आणि स्त्री चळवळीचे समुपदेशन या दोन प्रवाहांना जोडण्याचा उल्लेखनीय प्रयत्न महापालिकेच्या रुग्णालयात झाला. ‘सेहत’ ही संशोधन संस्था आणि मुंबई महापालिका यांनी २००० मध्ये वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केले. हातावरची जखम बांधून घ्यायला आलेल्या बाईला ती जखम कशी झाली हे विचारणे, आणि मारहाणीचा दोष तिचा नाही हे निःसंदिग्धपणे सांगणे, हे आरोग्यसेवेचे काम आहे असे या केंद्राने मानले. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रे निघाली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने अशा सेवांना कायदेशीर स्थान दिले, टाटा संस्थेची ‘आयकॉल’ ही दूरध्वनीवरील समुपदेशन सेवा २०१२ मध्ये सुरू झाली, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्क ठरवला. कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्ष मिळणारी सेवा यांतले अंतर मात्र मोठे आहे : २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार मानसिक विकार असलेल्या माणसांपैकी आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के माणसांना उपचार मिळत नव्हते.

आज गोरेगावात खासगी समुपदेशकांची कमतरता नाही. मॉलशेजारच्या इमारतींतही त्यांच्या पाट्या दिसतात, आणि तरुण मुले-मुली आपण थेरपी घेतो हे पूर्वीपेक्षा मोकळेपणाने सांगतात. हा बदल स्वागतार्ह आहे, परंतु त्याबरोबर एक गोष्ट निसटत चालली आहे. तासाच्या शुल्कावर चालणाऱ्या उपचारात दुःख ही एकट्या व्यक्तीची बाब ठरते, आणि आत्मकरुणा ही ताण सहन करून पुन्हा कामाला लागण्याची युक्ती बनते. ‘स्वाधार’च्या पिढीने मन आणि परिस्थिती यांची फारकत कधीच केली नाही. ज्या बाईंनी नळाला पाणी यावे म्हणून महापालिका हलवली, दिंडोशीत नागरी निवारा परिषदेच्या माध्यमातून हजारो कुटुंबांना हक्काचे घर मिळवून दिले आणि गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा व्हावा म्हणून विधानसभेत आवाज उठवला, त्यांनीच समुपदेशनाची खोलीही उघडली. मुलगी जन्मालाच येऊ नये असे म्हणणाऱ्या समाजात मुलीला आत्मसन्मान शिकवणे अपुरे आहे, हे मृणालताईंना पक्के ठाऊक होते, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात प्रथम त्याविषयीचा कायदा केला यात त्यांच्या प्रयत्नांचा मोठा वाटा आहे. बदलाचे बळ आतून येते की बाहेरून, हा वाद त्यांच्या कामापुरता निरर्थक होता.

मृणाल गोरे यांचे १७ जुलै २०१२ रोजी निधन झाले. त्यांच्याबरोबर आणि राज्यभरच्या अशा केंद्रांत १९८० च्या दशकात टेबलामागे बसलेल्या कार्यकर्त्या आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांनी कोणते प्रश्न विचारले, कोणते सल्ले पुढे चुकीचे ठरले, कोणत्या क्षणी समोरच्या बाईचा स्वर बदलला, याचे ज्ञान बहुतांशी त्यांच्या स्मरणातच आहे. विद्यापीठांच्या मानसशास्त्र आणि इतिहास विभागांनी, मदत मागायला आलेल्या एकाही स्त्रीचे नाव बाहेर जाऊ न देता, या कार्यकर्त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात आणि ते काम येत्या काही वर्षांतच करावे.